कमरेची भाकर

आमच्या कापसाच्या जिनात सगळ्यांना ठाऊक होतं की ताईबाई कुत्र्याच्या पिल्लाच्या तोंडात थुंकते. तीनदा, शनिवारी, सूर्य उगवायच्या आत. मग ते पिल्लू जन्मभर दुसऱ्या कोणाचं होत नाही. हमाल सुपडू तर हे शपथेवर सांगायचा. सांगताना तो आधी नाकातून एक हुंकार भरतो, मग डावा डोळा बारीक करतो, मग सुरू होतो, "मी मन्हा डोयानी देखं, भो. थू, थू, थू. आन् पिल्लू अस्सं जीभ काढीसन..."

सुपडूची ही नक्कल मी क्वार्टरच्या ओट्यावर करायचे तेव्हा बायका पदर तोंडात कोंबून हसायच्या. ही अफवा जिनातून निघून पार पिंप्राळ्यापर्यंत पोचली, त्यात माझा हात आहे. म्हणून ती मीच खोडून काढते.

ताईबाई थुंकत नव्हती. मी दोन वर्षं बघितलं. सकाळी भाकर भाजली की त्यातला चतकोर ती लुगड्याच्या कमरेच्या घडीत, अगदी अंगाला लागून, खोचायची. मग दिवसभर सरकीच्या गोदामात झाडलोट. चारच्या सुमाराला तो चतकोर बाहेर निघायचा तेव्हा घामाने मऊ पडलेला असायचा. तो पिल्लाचा. पिल्लाला दुसरं काही नाही. थुंकीचं मी एकदा विचारलंच, तर म्हणाली, "थुंकी बठ्ठासनी सारखीच ऱ्हास माय. घाम ज्याना त्याना."

ती दोंडाईच्याकडची, मेंढपाळाच्या घरातली. नवरा गेला, मेंढरं दिरांनी वाटून घेतली, आणि ती भावाच्या ओळखीने जळगावला हस्तीमल शेटजींच्या जिनात कामाला लागली. जिनात कपाशीचे ढीग उघड्यावर पडलेले असतात आणि मागच्या फाटकातून कोणीही ओटीभर, गोणीभर कपाशी उचलून नेतो. ताईबाईने शेटजींना सांगितलं, मला फाटकाजवळची खोली द्या, मी कुत्रा तयार करते. शेटजींनी खोली दिली. पत्र्याची, एका खिडकीची. तिच्या आयुष्यात तिच्या एकटीची अशी ती पहिली जागा.

माझे वडील त्याच जिनात काट्यावर, म्हणजे गाड्यांचं वजन बघायला. त्यामुळे आमचं घरही आवारातच, आणि शाळा सुटली की मी ताईबाईच्या खोलीसमोर. पिल्लाचं नाव भुऱ्या. त्याच्या शिक्षणात माझ्याकडे एक काम होतं आणि ते फार वाईट होतं. मी त्याला गूळपोळीचा घास द्यायचा, आणि घासाच्या पोटात लाल तिखट. पहिल्यांदा त्याने आनंदाने गिळला आणि मग अर्धा तास नाक जमिनीला घासत फिरला. मला रडू आलं.

"आता मी नाही करणार," मी म्हटलं.

"मंग त्याले चोर जिलबी दी. जिलबीमा जहर ऱ्हाई," ताईबाई म्हणाली. "तिखटनी मरस नई कोनी."

सात वेळा मी दिलं. दोनदा सुपडूने दिलं, एकदा फाटकावरच्या पुनाने. आठव्यांदा मी साधी, तुपाची, खरीखुरी पोळी पुढे केली तर भुऱ्याने तोंड फिरवलं. तोंड फिरवायची त्याची पद्धतही सभ्य होती. गुरगुरला नाही, उठला नाही. पाहुण्याने नको तो विषय काढल्यावर माणसं जशी दुसरीकडे बघतात, तसा बघायला लागला.

मारणं ताईबाईला माहीतच नव्हतं. हाक दिवसातून एकदाच. ती हाक मी उचलली होती. आधी जिभेने टाळूवर एक टिचकी, मग "भुरा, ये बाप", त्यात 'बाप' खाली उतरता. मी ती भिंतीआडून मारली तेव्हा पहिल्या वेळी भुऱ्या धावत आला. माझा हात हुंगला. परत गेला. त्यानंतर मी कितीही सुरेख हाक मारली तरी त्याचा कानसुद्धा हलला नाही. ताईबाईला मात्र त्याचं फार हसू यायचं. "मन्हापेक्षा तुन्हीच हाक चांगली शे," म्हणायची.

मग शेटजींचे चिरंजीव सुरेशचंद शिक्षण संपवून मुंबईहून परत आले, आणि त्यांच्याबरोबर टायगर आला. टायगर अल्सेशियन होता. त्याच्या जन्माचा कागद होता. सुरेशचंदांच्या मते जिनात अल्सेशियन असणं आणि त्याला रीतसर शिकवलेलं असणं हे नव्या पद्धतीचं होतं. रीतसर शिकवणारा माणूस धुळ्यात होता, धनसिंग हवालदार. पोलिसांच्या कुत्र्यांवर नोकरी करून निवृत्त झालेला. पांझरेच्या काठी मोकळ्या मैदानावर तो रविवारी सकाळी वर्ग घ्यायचा. सुरेशचंद जीप घेऊन दर रविवारी टायगरला न्यायचे. धुळ्यात माझी मावशी असते म्हणून एका रविवारी मीही जीपमध्ये बसले.

वर्गात सहा कुत्रे होते आणि नऊ माणसं. धनसिंगांच्या काखेत वेताची छडी, गळ्यात शिट्टी, मिशीला तेल. आवाज असा, की त्यांनी "सिट" म्हटलं की कुत्र्यांबरोबर, एका डॉक्टरांचा कुत्रा घेऊन आलेला त्यांचा कंपाउंडरही गुडघ्यात थोडा वाकायचा. सरळ व्हायचा, पुन्हा "सिट", पुन्हा वाकायचा. मी ते सगळं डोक्यात भरून घेत होते.

पद्धत अशी. गळ्यात ओढली की आवळणारी साखळी. हुकूम एक, झटका एक. ऐकलं की मानेवर थाप, खायला काही नाही.

"खिलाके शिकवला तो कुत्ता रोटीचा होतो, मालकाचा नाही," धनसिंग सांगत होते. "कुत्ता पहिले डरला पाहिजे. डरला म्हणजे बघतो. बघतो म्हणजे शिकतो."

शेवटी त्यांनी साखळ्यांची अदलाबदल करायला लावली. टायगर कंपाउंडरच्या हातात, डॉक्टरांचा पांढरा पॉमेरेनियन सुरेशचंदांच्या हातात. टायगर कंपाउंडरच्या डाव्या पायाला लागून इतका शहाण्यासारखा चालला की कंपाउंडर लाजला. धनसिंग म्हणाले, "सरकारी कुत्ता बदलीवर जातो. त्याचा शिपाई रजेवर गेला म्हणून कुत्ता उपाशी बसला, असं चालेल का?"

सोमवारी मी ताईबाईला सगळा वर्ग करून दाखवला. धनसिंग, कंपाउंडर, सहाही कुत्रे. ती सरकीच्या गोणीवर बसून हसली आणि तिने डोळे पुसले.

"त्यानं म्हननं बी खोटं नई," ती म्हणाली. "पन मेंढरासवर कोन बदली करस माय. तठे एक मानूस, एक कुत्रं."

मी म्हटलं, तुमची पद्धत चांगली. ती म्हणाली, "चांगली नई. मन्ही शे."

दिवाळीच्या आधी सुरेशचंदांनी जाहीर केलं, की जिनात एकच कुत्रा राहील. लाभपंचमीला, हंगामाच्या मुहूर्ताला सगळे जमतात, तेव्हा दोघांची परीक्षा घेऊ. टायगर जिंकला तर फाटकाजवळची खोली टायगरला आणि त्याच्या माणसाला. ताईबाईने झाडलोटीला पाहिजे तर शहरातून येऊन-जाऊन करावं. शहरात तिचं कोण होतं? हे सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे कोणी विचारलं नाही.

लाभपंचमीला सकाळी मशीनला हार, नारळ, गुलाल. धनसिंग खास धुळ्याहून आलेले, पगडी बांधून. पहिली परीक्षा हुकमाची. टायगर बसला, झोपला, थांबला, आला. धनसिंगांचं ऐकलं, सुरेशचंदांचं ऐकलं. शेवटी सुपडूला साखळी दिली, तर सुपडूने घाबरत "शीट, भो" म्हटलं आणि टायगर बसला. टाळ्या पडल्या. भुऱ्याला सुरेशचंदांनी "बैस" म्हटलं. भुऱ्याने ताईबाईकडे बघितलं. ती म्हणाली, "बठ." बसला. त्याला टाळ्या नाहीत.

दुसरी परीक्षा राखणीची. सुपडूने ढिगातून कपाशीचं गाठोडं उचलायचं. टायगर जोरात भुंकला, आणि सुपडूने "शीट" म्हटल्यावर बसला. सुपडू गाठोडं घेऊन फाटकाबाहेर जाऊन परत आला. लोक हसले. हसताना सुरेशचंदांकडे बघत होते. भुऱ्या भुंकलाच नाही. सुपडूचं धोतर दातात धरलं आणि उभा राहिला. सुपडू "शीट" म्हणाला, "बठ" म्हणाला, आईची शपथ घातली. ताईबाईची टिचकी वाजेपर्यंत धोतर सुटलं नाही.

तिसरी खाण्याची. जिलबी टाकली. टायगरने धनसिंगांच्या डोळ्यांकडे बघून सोडली. धनसिंग वळले, आणि जिलबी गेली. भुऱ्याने दुसरीकडे बघितलं.

धनसिंग सरळ माणूस. सगळ्यांसमोर म्हणाले, "राखणीला बाईचा कुत्ता वरचढ आहे. मी खोटं बोलणार नाही." शेटजींनी मान हलवली. ताईबाईने पदर सारखा केला, आणि मला खात्री आहे, त्या वेळी ती मनात खोलीचा पत्रा पावसाळ्याआधी कुठे ठोकायचा ते ठरवत होती.

आणि तेवढ्यात लाडकुंवरबाई आल्या.

शेटजींच्या आई. आम्ही सगळे त्यांना माँजी म्हणतो. मुहूर्ताची त्यांची एक ठरलेली रीत होती. मशीन सुरू व्हायच्या आधी पहिली रोटी गाईला, दुसरी कुत्र्याला. त्यांनी खाल्लं की कळ दाबायची. आधीची दोन वर्षं त्यांचं गुडघ्याचं दुखणं, त्यामुळे कोणीतरी रोटी रस्त्यावरच्या कुत्र्यांना टाकून यायचं. या वर्षी त्या स्वतः चालत आल्या. गाईने खाल्लं. मग त्या भुऱ्यासमोर वाकल्या, तूप-गुळाची रोटी, दोन्ही हातांनी.

भुऱ्याने तोंड फिरवलं.

माँजींनी पुन्हा रोटी पुढे केली. भुऱ्या सभ्यपणे मशीनकडे बघत होता. ताईबाई पुढे झाली, "माँजी, माझ्या हातात द्या, मी देते." माँजी म्हणाल्या, "रोटी म्हारी है. तुझ्या हातून खाल्ली तर पुण्य तुझं." आणि मग, अगदी हळू, "कुत्तो म्हारी रोटी कोनी खाई. नाही खाल्ली."

त्यांना वाईट वाटलं होतं हो, राग नव्हता. पण मुहूर्ताच्या दिवशी कुत्र्याने धर्माची रोटी नाकारली, हे पन्नास माणसांनी बघितलं. त्यांनी दुसरी रोटी टायगरला दिली. टायगरने ती दोन घासांत संपवली आणि माँजींची बोटं चाटली. कळ दाबली. मशीन सुरू झालं.

निकाल कोणी सांगितला नाही. गरज नव्हती. भुऱ्याने त्या दिवशी शिकवलेलं सगळं बरोबर केलं होतं.

ताईबाई सुरेशचंदांकडे गेली. मी मागे उभी होते. "एक महिना दे, भाऊ," ती म्हणाली. "हात बदलायला महिना लागतो. माँजींनी भाकर कमरेला ठेवावी, मी रोज शेजारी बसेन. खाईल त्यांच्या हातचं. मग मी जाईन."

"माँजी कमरेला भाकर बांधणार?" सुरेशचंद म्हणाले. त्यांनी हसवण्यासाठी म्हटलं, आणि दोघं-तिघं हसलेही. "परवा खोली रिकामी कर."

"मंग कुत्रं मन्हासंगे देय."

सुरेशचंद द्यायला तयार होते. माँजींनी अडवलं. ज्या दारात त्याने रोटी नाकारली त्याच दारात, त्यांच्याच हातून त्याने खाल्ली पाहिजे, त्याशिवाय अपशकुन उतरणार नाही. तोवर कुत्रा दाराबाहेर जायचा नाही. पुनाने भुऱ्याला फाटकाजवळच्या कडुलिंबाला साखळीने बांधलं. ताईबाईने आपल्या जुन्या लुगड्याचा तुकडा त्याच्यापुढे टाकला आणि दोंडाईच्याची गाडी धरली. भावाकडे.

भुऱ्या पाणी प्यायचा. बाकी काही नाही. रोज सकाळी माँजी गुडघा धरत यायच्या, रोटी घेऊन, आणि परत जाताना रडायच्या. "जीव जाईल याचा माझ्या दारात. पाप लागेल," म्हणायच्या. मी म्हटलं, मग ताईबाईंना बोलवा. म्हणाल्या, "तिच्या हातचं खाऊन काय उपयोग, बेटी? म्हारे हाथ का खाना चाहिए."

चौथ्या दिवशी मी ठरवलं. भाकर कमरेला खोचून शाळेत गेले. चार वाजता लिंबामागे उभी राहिले. टिचकी. "भुरा, ये बाप." इतकी हुबेहूब, की पुना खुर्चीवरून उठला आणि म्हणाला, "ताईबाई, तू कवय उनी?" भुऱ्या उठला. साखळीच्या टोकापर्यंत आला. शेपूट हलवली. मी भाकर पुढे केली. त्याने हुंगली, माझ्याकडे बघितलं, आणि जाऊन त्या लुगड्याच्या तुकड्यावर पडला. मी तीच मुलगी होते ना, सात वेळा तिखट देणारी.

मी ताईबाईला पोस्टकार्ड टाकलं. आठव्या दिवशी ताईबाई आली.

पुनाने तिला आत घेतलं नाही. त्याला तसं सांगितलं होतं. गजांपर्यंत येऊ दिलं. लिंब फाटकापासून चार पावलांवर. भुऱ्याने तिला वासाने ओळखलं आणि साखळी ताणून, मागच्या पायांवर उभा राहून, इतक्या बारीक आवाजात ओरडला की तो आवाज मला अजून काढता येत नाही. त्याच्या फासळ्या मोजता येत होत्या.

"म्हातारी सोडी का त्याले?" ताईबाईने विचारलं.

"त्यांच्या हातचं खाल्ल्याशिवाय नाही."

ती गजांना टेकून बसली. मग म्हणाली, "घरमाईन तिखट लई ये. मूठभर."

मी आणलं. कशाला, ते मला तिने कमरेतून चतकोर बाहेर काढेपर्यंत कळलं नाही. तिने भाकर मधोमध उघडली, आत तिखट भरलं, दाबली. पुनाला साखळी सैल करायला सांगितली. आणि हाक मारली. टिचकी, मग "भुरा, ये बाप".

त्याने बघितलंसुद्धा नाही काय आहे. आठ दिवसांचा उपाशी. गिळला. मग नाक जमिनीवर घासत गोल फिरला, शिंकला, पाण्याच्या कुंडीत तोंड घातलं. ताईबाईने दुसरा तुकडा भरला. पुन्हा हाक. तो आला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि तरी आला, आणि खाल्ला. पुना म्हणाला, "बस कर वं बहीन." तिने तिसरा भरला. हाक मारली.

तिसऱ्यांदा भुऱ्याने तोंड फिरवलं.

"व्हयनं," ताईबाई म्हणाली. हात पदराला पुसले. उरलेली भाकर तिने स्वतः खाल्ली, तिखटासकट, तिथेच बसून.

मला तिचा इतका राग आला होता की मी तिला दुखवायचं ठरवलं. म्हटलं, "काही उपयोग नाही होणार. आता तो तुमच्या हातचंही खाणार नाही आणि माझ्याही. मरेल."

"उद्या तुन्हा हातनी खाई. मन्हा हात बी आते बठ्ठासना सारखाच."

"नाही खाणार."

"लाव पैज."

"लावली. हरले तर?"

तिने जरा विचार केला. "हारनी ते मन्हा आवाजमा त्याले एक हाक मार. काय करस तो, ते कार्डवर लिखी धाड."

ती गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी साधी पोळी घेऊन गेले. भुऱ्या माझ्या हाताकडे बघत राहिला, मग फाटकाकडे, मग पुन्हा हाताकडे. खाल्ली. दुपारी सुपडूच्या हातची खाल्ली. संध्याकाळी माँजींची रोटी खाल्ली, तुपाची, आणि माँजींनी तिथेच हात जोडले. "आता ती मागेल तर देऊन टाका तिला," त्या मोकळ्या मनाने म्हणाल्या. पुनाने साखळी सोडली. भुऱ्या सुटा आवारात फिरायला लागला, आणि टायगरच्या थाळीत तोंड घालायला लागला.

दोन दिवस मी टाळलं. तिसऱ्या दिवशी चार वाजता लिंबामागे उभी राहिले. टिचकी. "भुरा, ये बाप."

भुऱ्याने शेपूट पोटाखाली घेतली आणि तो कपाशीच्या ढिगामागे गेला. मी वाट बघितली. बाहेर आला नाही.

कार्डवर जागा होती. मी लिहिलं: पोळी खाल्ली. पैज मी हरले. माँजी म्हणतात, कुत्रा घेऊन जा. मग पैजेत जे ठरलं होतं ते, तिच्या आवाजातल्या हाकेला भुऱ्याने काय केलं ते, खाली लिहिलं. ताईबाईला वाचता येत नाही. दोंडाईच्याला भाऊ तिला मोठ्याने वाचून दाखवतो.

ती कुत्रा न्यायला आली नाही.